काहील उतरली तेव्हा

२०१९ च्या महापुरानंतर आमचं गुऱ्हाळ एकच हंगाम चाललं, आणि तेही पुरते अकरा दिवस. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फुटांची. त्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. भोगावतीच्या काठाला आमचा सगळा चांगला ऊस, तो आठ-दहा दिवस पाण्याखाली राहिला. पाणी उतरल्यावर लांबून बघणाऱ्याला वाटायचं, ऊस उभा आहे की! पण पोंग्यात गाळ बसला की तो ऊस संपला. आतून नासत जातो. असल्या उसाचा गूळ बसत नाही. वरच्या माळाला अडीच एकर ९२००५ होता, तेवढाच हाताला लागला.

आण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, एका रात्री जेवताना म्हणाले, "एवढा माळाचा ऊस गाळायचा आणि घाणा विकून टाकायचा." मी वर बघितलं नाही. वहिनीनं आमटी वाढली. विषय तिथंच संपला. आमच्या घरात मोठे विषय असेच संपतात.

खरं म्हणजे आण्णांचं चुकत नव्हतं. गुऱ्हाळाला माणूस मिळेना झालं होतं. फडात तोडणारे वेगळे, घाण्यावर ऊस लावणारे वेगळे, चिपाड वाळवणारे वेगळे, जाळ घालणारा वेगळा. पंधरा-सोळा माणसं रोज लागतात, आणि त्यातला एक जरी आला नाही तरी काहील गार. त्यापेक्षा साखर कारखान्याला ऊस घातला की घरी बसून बिल. आमच्या शिवारात माझ्या डोळ्यांदेखत सात गुऱ्हाळं होती, त्यातलं आमचं शेवटचं.

थोरला मुलगा चाकणला कंपनीत आहे. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "आबा, मग त्याचा व्हिडिओ करा की. नीट अख्खा. सुरुवातीपासून ढेप बांधेपर्यंत." त्यानंच मला दिवाळीत नवा फोन घेऊन दिला होता. मी त्यावर तोवर फक्त लग्नाच्या पत्रिका आणि सकाळची फुलं बघत होतो. मला वाटलं, यात काय अवघड आहे? लाल टिकलीवर बोट ठेवायचं.

शेवटचा दिवस ठरला. आमचे गुळवे तात्या १९८१ पासून आमच्या काहिलीवर. वय त्र्याहत्तर. पलीकडच्या गावचे. मी साठी गाठली तरी ते मला 'धाकलं'च म्हणत. आदल्या संध्याकाळी त्यांना सांगितलं, "तात्या, उद्या तुमचं शूटिंग करणार हाय."

"माझं काय करतोस शूटिंग? गुळाचं कर." म्हणाले खरं, पण हसले. मग जरा वेळानं म्हणाले, "धाकलं, पोरास्नी दावशील न्हवं? आमचा पोरगा इचलकरंजीला मागावर गेला. नातवानं काहील पेटल्याली बघितल्यालीच न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे तात्या आले ते दाढी करून, धुतलेला पांढरा सदरा घालून, डोक्याला फेटा बांधून. अडतीस वर्षांत मी त्यांना गुऱ्हाळावर बंडी आणि मुंडाशाशिवाय बघितलेलं नव्हतं. हे आता लिहितानाही मला कसंसं होतं. कारण त्या दिवशी तयारी करून आलेला माणूस तेवढा एकच होता, आणि तो मी नव्हतो.

माझं काय झालं ते सांगतो. उजाडताच मी फडात गेलो. कोयत्याचे घाव घेतले. उसाच्या पाल्यावरचं दव घेतलं. बगळे घेतले. मोळ्या बांधणाऱ्या बायका लाजल्या म्हणून त्यांना परत-परत घेतलं. ट्रॉली फडातून गुऱ्हाळापर्यंत आली ती अख्खी वाट मी मागं बसून घेतली, फोन हालतोय, मधेच आभाळ, मधेच माझं गुडघं. पाऊण तास नुसती ट्रॉली. गुऱ्हाळावर आलो तेव्हा तात्या चुलवाणापाशी बसून पहिल्या आदणाची तयारी बघत होते. इंजिन अजून सुरू व्हायचं होतं. मी फोन समोर धरला आणि म्हटलं, "तात्या, सांगा."

ते बोलले. खूप बोलले. कुणाच्या हाताखाली शिकले, पहिल्या वर्षी आदण कसं करपलं आणि मालकानं जेवू कसं घातलं नाही, मळी वर यायला लागली की रस कसा 'डोळं उघडतो', रानभेंडीचं पाणी कुठल्या वेळी घालायचं, चुन्याची निवळी किती, पाकाचे बुडबुडे मोठे-मोठे यायचे थांबून बारीक कसे होतात, आणि कान कसा लावायचा. "डोळा फसतो धाकलं, धुरात दिसतंय काय डोंबल. कान फसत न्हाई." चांगला पंचवीस मिनिटांचा तो व्हिडिओ होता. मी आपला मान हलवत होतो.

मग आण्णांनी इंजिन सुरू केलं. किर्लोस्करचं इंजिन, १९७४ ला वडलांनी घेतलेलं. त्यानंतर दिवसभर कुणाचं काही ऐकू आलं नाही. आम्हाला सवय होती, आम्ही ओठांवरून बोलणं ओळखत होतो. फोनला सवय नव्हती.

ज्यांनी गुऱ्हाळ बघितलेलं नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो. रस काहिलीत ओतल्यापासून पाक उतरेपर्यंत अडीच-तीन तास जातात. त्यातले पहिले दोन तास संथ. जाळ घालायचा, मळी झाऱ्यानं काढायची, फेस उतू यायला लागला की चमचाभर तेलाचे थेंब शिंपडायचे, फेस गपकन बसतो. पण शेवटची पाच मिनिटं म्हणजे लढाई. गुळवा पाक बोटावर घेतो, गार पाण्याच्या भांड्यात सोडतो, गोळी होते का बघतो. झाली की एकच हाळी. जाळ बंद. काहिलीच्या कड्यांत दांडे घालून दोन्ही बाजूंनी माणसं लागतात, काहील चुलवाणावरून ओढून वाफ्याच्या काठाला आणतात आणि कलती करतात. सोन्याच्या रंगाचा पाक वाफ्यात पडतो. आधी उतरली तर गूळ चिकट राहतो, बसत नाही. उशीर झाला तर काळा पडतो, सौद्यात कुणी बोट लावत नाही. मधली वेळ दोन-तीन मिनिटांची. त्या दोन-तीन मिनिटांसाठी तात्यांना गूळ घरपोच करून वर मानानं पगार द्यायचो आम्ही.

आणि मी नेमका त्या वेळी काय करत होतो? शेवटचं आदण. तात्यांनी गोळी बघितली. फेटा नीट केला. हो, केला, मी डोळ्यांनी बघितला. मग हात वर केला. मी लाल टिकलीवर बोट ठेवलं तर फोनवर इंग्रजीत काहीतरी आलं. जागा नाही. पुतण्या शेजारी होता, तो ओरडला, "काका, मोठा व्हिडिओ उडवा एक, पटकन!" धुरात डोळं चुरचुरत होतं, चष्म्यावर वाफ. मी सगळ्यात मोठा दिसला तो उडवला. परत कॅमेरा लावला. तोवर काहील वाफ्यावर कलती होऊन रिकामी झाली होती. अडतीस वर्षांतली शेवटची. आणि माझ्या फोनमध्ये आला तो माणसांच्या पाठींचा घोळका, वाफ, आणि कडेला तात्यांचा अर्धा फेटा.

ट्रॉलीची वाट मी तीन तुकड्यांत घेतली होती. म्हणून सगळ्यात मोठा व्हिडिओ कुठला होता हे रात्री घरी गेल्यावर कळलं.

मुलाला फोन केला. उडवलेलं परत मिळतं का म्हणून विचारलं. त्यानं काय-काय बघायला सांगितलं. पुतण्यानं रात्रभर खटपट केली. नाही मिळालं.

आठ दिवसांनी मी तात्यांच्या घरी गेलो. जायला नको होतं, पण शब्द दिला होता. मुलगा, सून, नातू इचलकरंजीहून रविवारचे आले होते. नातवानं फोन कसलीशी वायर लावून टीव्हीला जोडला. सगळी सतरंजीवर बसली. सुनेनं डोक्यावर पदर घेतला, सासऱ्यांचा सिनेमा म्हणून. तासभर बघितलं. बगळे, पाला, ट्रॉली, आभाळ, माझा अंगठा, धूर. आवाज म्हणजे नुसतं धडधड-धडधड. तात्या त्यात तीन-चार वेळा आले, एकदा पाठमोरे, एकदा चूळ भरताना. नातू पंधरा मिनिटांत उठून बाहेर गेला. संपल्यावर तात्या म्हणाले, "झाक झालंय. आपली ट्रॉली लई झाक आल्या."

त्यांनी मला कमी लेखावं म्हणून नव्हतं हो ते म्हटलं. म्हणून तर जास्त लागलं.

आता आमच्या कोल्हापूरची गंमत बघा. याच गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला. १९२९ ला प्रभात कंपनी इथंच उभी राहिली. माझे वडील सांगायचे, पन्हाळ्यावर शूटिंग असलं की गावातली माणसं बैलगाड्या घेऊन मावळे व्हायला जायची. दोन वेळचं जेवण आणि मजुरी. म्हणजे सिनेमा आमच्या पाण्यातच आहे म्हणायला हरकत नाही. आणि मला तयार फोन हातात देऊनही एक काहील टिपता आली नाही.

आमच्या गावात लग्नाचं शूटिंग करणारा एक पोरगा आहे. त्याच्याकडं सोयाबीनच्या दिवसांत बसलो होतो, तेव्हा हे सगळं त्याला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "काका, अक्षता परत पडत नाहीत. नवरीचा बाप एकदाच रडतोय. म्हणून मी आदल्या दिवशी मोकळ्या हातानं मांडव बघून येतो. ऊन कुठनं येणार, भटजी कुठं बसणार, मामा कुठनं येणार, वाजंत्री कुठं थांबणार. मग काय घ्यायचं आणि काय नाही घ्यायचं हे चिठ्ठीवर लिहितो." मी विचारलं, "नाही घ्यायचं तेपण लिहितोस?" तर म्हणाला, "तेच जास्त असतंय. वरात अख्खी घेतली तर जेवणाच्या पंगतीला बॅटरी राहत नाही."

घरी येताना मला आमचं आदण आठवलं. तात्या जाळ लावायच्या आधी काय करायचे? वाफा झाडून पाणी मारलं का बघायचे. ढेपेच्या बादल्यांतली फडकी भिजवली का बघायचे. दांडे कड्यांत बसतात का स्वतः घालून बघायचे. कोण कुठल्या कड्याला लागणार ते माणसाला नावानं सांगायचे. मगच म्हणायचे, लावा काडी. एकदा मी तरुणपणी विचारलं होतं, तात्या, उतरायला तीन तास हाईत, आत्ताच दांडा कशाला? तर म्हणाले होते, "चढवायच्या आधी उतरायचं बघावं लागतंय धाकलं. पाक तुझ्यासाठनं थांबतोय व्हय?" चाळीस वर्षं हे डोळ्यांसमोर चाललेलं, आणि फोन हातात आल्यावर त्यातलं मला एक आठवलं नाही. मी शेतकरी माणूस, बियाणं घरात आल्याशिवाय कुरी जोडत नाही. इथं मात्र सरळ रान दिसलं की पेरत सुटलो.

पुढचं साल लॉकडाऊनचं. त्या पावसाळ्यात तात्या अंगणात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. कोल्हापुरात ऑपरेशन झालं, वॉकर धरून चालायला लागले, पण गुळव्या म्हणून आता त्यांचं काम संपलं होतं. आमचा घाणा तोवर विकून झाला होता. छपराचे पत्रे तेवढे राहिले होते.

पन्हाळ्याच्या बाजूला माझ्या मेव्हण्यांच्या भावकीत एक गुऱ्हाळ अजून चालू होतं. तिथला गुळवा म्हणजे एके काळी आमच्याकडं तात्यांच्या हाताखाली जाळ घालायला असलेलाच पोरगा. आता पोरगा कसला, पन्नाशीचा. त्याला विचारलं. तो म्हणाला, "तात्यास्नी आणणार असला तर या."

२०२१ च्या जानेवारीत गेलो. पण आधी एक दिवस एकटाच गेलो, फोन खिशात बंद करून. नुसता बसून तीन आदणं बघितली. हे लई अवघड असतं बरं का. हात सारखा खिशाकडं जातो. घरची हिशेबाची वही नेली होती, तिच्यात मागच्या पानावर लिहिलं. रस ओतला किती वाजता. मळी कधी. फेस कधी. उतरली कधी. वारं पूर्वेचं, धूर आणि वाफ पश्चिमेच्या दाराकडं जाते. म्हणजे उभं राहायचं पूर्वेच्या मेढीला पाठ लावून. सकाळच्या उन्हात त्या बाजूनं तोंडं दिसतात, दुपारनंतर काळी दिसतात; म्हणजे दुसरं आदण घ्यायचं, चौथं नाही. इथं विजेची मोटर होती, पण घरघर होतीच. म्हणून तात्यांचं बोलणं घाण्यापासून लांब, चिंचेखाली. फोन हातात धरायचा नाही, मेढीला बांधायचा, माझा हात कापतो. एक फोन पुतण्याकडं काहिलीवर, एक माझ्याकडं तात्यांवर. येणारे कॉल बंद. फोन रिकामा. पानाच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: ट्रॉली नाही. बगळे नाहीत.

वही तात्यांना दाखवली. त्यांना वाचता येत नाही. म्हणाले, "वाच." वाचली. ऐकून म्हणाले, "चिपाड घ्यायचं राहिलं. वाळल्यालं चिपाड कसं मोडतंय ते दाव. ओल्यावर गूळ होत न्हाई." ते लिहून घेतलं.

त्या दिवशी परत फेटा होता. सदराही तोच असावा. चिंचेखाली खुर्ची टाकली, वॉकर बाजूला सरकवला कारण तो दिसायला नको म्हणाले. मी प्रश्न लिहून नेले होते. पहिलं बोलणं गेलं ते गेलंच. या वेळी ते तसं बोलले नाहीत. मालकानं जेवू घातलं नाही ती गोष्ट मी विचारली तर "असूंदे, मेला बिचारा" म्हणून सोडून दिली. रस डोळं उघडतो हे वाक्य मी तोंडात घालायचा प्रयत्न केला, पण उसनं बोलणं त्यांना जमेना. नुसतं कुठल्या वेळी काय घालायचं ते सांगितलं. तेही कामाचं होतं, पण मला ते पहिलंच हवं होतं. ठरवून जे मिळतं ते मिळालं. जे गेलं ते वहीत लिहून परत येत नव्हतं.

मग एक गोष्ट झाली जी वहीत नव्हती. आम्ही चिंचेखाली, काहील आमच्यापासून चाळीस-पन्नास पावलांवर, तात्यांची पाठ तिच्याकडं. भेंडीच्या पाण्याबद्दल सांगत होते. सांगता-सांगता थांबले. मला वाटलं, विसरले. मान जरा तिरकी केली. मोटर बंद होती, रस गाळून झाला होता, नुसता काहिलीचा आवाज येत होता. मला तर सगळा एकच आवाज वाटत होता. तात्या एकदम ओरडले, "घे खाली! आरं घे खाली तिला!"

तिकडं तो गुळवा पाण्याच्या भांड्याकडं वाकला होता. त्यानं वर बघितलं. गोळी न बघताच हात वर केला. माणसं कड्यांना लागली.

संध्याकाळी दोन्ही फोन शेजारी ठेवून बघितलं. एकात तात्यांचं तोंड, कान लावलेला. दुसऱ्यात काहील कलती होतेय, पाकाची धार तुटत नाही, आणि मागं लांबून तात्यांचा आवाज. मुलानं चाकणला बसून दोन्ही जोडले. अठरा मिनिटांचा झाला. तात्यांच्या नातवानं तो दोनदा बघितला असं सुनेनं सांगितलं, आणि विचारलं म्हणे, आज्ज्याला मागं न बघता कसं कळलं? तात्यांनी त्याला काय उत्तर दिलं ते मी विचारायचं विसरलो.

आण्णा पन्हाळ्याकडं आले नव्हते. बोलावलं होतं, पण दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर काय बघायचं म्हणाले. नवा व्हिडिओ दाखवला तर पूर्ण बघितला, चांगला झालाय म्हणाले आणि फोन परत दिला. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "तुझा तो पहिला हाय का?"

मी म्हटलं, "हाय. पण त्यात काय नाही आण्णा, सगळा वाया गेलेला."

"लाव तर."

लावला. बगळे गेले, ट्रॉली गेली. मग गुऱ्हाळ आलं, आणि मी कधी लक्ष दिलं नव्हतं ते दिसलं. कोपऱ्यात आण्णा इंजिनाजवळ उभे, हातात फडकं, इंजिन पुसतायत. दहा-बारा सेकंदांचं असेल. आण्णांनी फोन कानाजवळ नेला, मग मला परत दिला.

"आवाज जरा मोठा कर," म्हणाले.